युरोपच्या या राजा-राण्यांनाही पान द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत युरोपातल्या राजघराण्यांवर पान सुरू झालं, याचा मला मनापासून आनंद झाला. कोल्हापूरचा माणूस आपल्या गादीचा इतिहास ऐकतच लहानाचा मोठा होतो, पण बाहेरचे राजे कसे होते हे मराठीत नीट वाचायला फार कमी मिळतं. आतापर्यंत इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या सहा राण्या झाल्या, चौदाव्या लुईचा आरसेमहाल झाला, मारी आंत्वानेतचा शिरच्छेद झाला आणि व्हिक्टोरिया राणीवर तर दोन रविवार गेले. लेख चांगले होते. पण ही नावं आम्हाला शाळेपासून पाठ आहेत. ज्यांनी आपल्या रयतेसाठी काही टिकाऊ उभं केलं आणि ज्यांचं नाव इथे कुणाच्या कानावरही आलेलं नाही, अशा राजा-राण्यांना त्या पानावर जागा मिळावी, म्हणून हे पत्र.

मी करवीर तालुक्यातल्या वळिवड्याचा. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि आता करवीर नगर वाचन मंदिरातून इतिहासाची पुस्तकं आणून वाचतो. कालव्यावर काम केलेल्या माणसाला एक सवय लागते. कोनशिलेवर कुणाचं नाव आहे हे तो वाचत बसत नाही. तो टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतात जाऊन बघतो, तिथवर पाणी पोचलंय का. राजांचं मोजमापही मी तसंच करतो. राजवाडा केवढा, लढाया किती, यापेक्षा शेवटच्या माणसापर्यंत काय पोचलं आणि राजा गेल्यावर ते चालू राहिलं का, हे मला महत्त्वाचं वाटतं.

सुरुवात माझ्याच गावापासून करतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४८ या काळात, वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. पाच हजारांच्या आसपास माणसं, त्यात बायका आणि मुलंच जास्त. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत रशियाने त्यांना पूर्व पोलंडमधल्या घरांतून उचलून सैबेरियात आणि मध्य आशियात नेऊन टाकलं होतं. तिथून सुटून, इराणमार्गे, ती हिंदुस्थानात आली. छावणीत दवाखाना होता, चर्च होतं, शाळा होत्या. माझी आजी तिथे दुधाचा रतीब घालायची. पोलंड कुठे आहे हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्यांच्या पोरी सकाळी वह्या छातीशी धरून शाळेला निघायच्या, एक दिवस चुकवायच्या नाहीत, हे ती आम्हा नातवंडांना अभ्यासाला बसवताना हमखास सांगायची. आता त्या जागेवर गांधीनगर वसलं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला भेट दिली, तेव्हा आपल्याही अंकात छावणीच्या आठवणी छापून आल्या. त्यात एक नाव यायला हवं होतं असं मला फार वाटलं. पोलंडची राणी यादविगा.

यादविगाला १३८४ साली क्राकोवमध्ये अभिषेक झाला तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची पोर होती. अभिषेक राणी म्हणून नव्हे, राजा म्हणून झाला, म्हणजे राज्य तिच्या हक्काचं होतं. लहानपणी तिचं लग्न ऑस्ट्रियाच्या राजपुत्राशी ठरलेलं होतं. दरबारी सरदारांनी ते मोडायला लावलं आणि लिथुएनियाच्या यागिएलोशी तिचं लग्न लावलं. तो वयाने कितीतरी मोठा. त्या लग्नातून पोलंड आणि लिथुएनिया जोडले गेले, ते चारशे वर्षं. इतिहासकार या सोयरिकीवर भरभरून लिहितात. मला तिचं मोठेपण दिसतं ते तिच्या मृत्युपत्रात. जून १३९९ मध्ये ती बाळंत झाली, जुलैमध्ये मुलगी गेली आणि पाठोपाठ ती स्वतः गेली. वय पंचविशीचं. तिने आपले दागिने आणि मौल्यवान चीजवस्तू क्राकोवच्या विद्यापीठाला ठेवल्या. हे विद्यापीठ थोर राजा काझिमिर याने १३६४ मध्ये काढलं होतं, पण तो वारल्यावर ते जवळजवळ बंद पडलं होतं. राणीच्या दागिन्यांवर १४०० मध्ये ते पुन्हा उभं राहिलं. आणखी नव्वद वर्षांनी, १४९१ मध्ये, तिथे कोपर्निकस नावाचा विद्यार्थी दाखल झाला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे आज आपला पाचवीतला मुलगाही सांगतो.

तिचं थडगं पुढे उघडलं तेव्हा आत राजदंड आणि राजगोल सापडले ते लाकडाचे. खऱ्या किमतीचं जे होतं ते विद्यापीठाला गेलेलं होतं. मला हे वाचून शाहू महाराजांनी बोर्डिंगांना दिलेल्या जमिनी आणि इमारती आठवल्या. आणि दुसरीही एक गोष्ट. ६ नोव्हेंबर १९३९ ला जर्मनांनी याच विद्यापीठातल्या प्राध्यापकांना व्याख्यानाला म्हणून एका सभागृहात बोलावलं, दीडशेच्या वर माणसं पकडली आणि छळछावणीत पाठवली. विद्यापीठ बंद झालं. उरलेल्या शिक्षकांनी लोकांच्या घरांतून चोरून वर्ग चालवले. म्हणजे यादविगाच्या विद्यापीठाला कुलूप होतं त्याच वर्षांत तिच्या देशाची मुलं आमच्या वळिवड्यात शाळेला जात होती. आजीने पाहिलेल्या त्या पोरींच्या शिक्षणाच्या ओढीमागे साडेपाचशे वर्षांची परंपरा होती, असं मी मानतो. १९४५ मध्ये विद्यापीठ पुन्हा उघडलं आणि आजही चालू आहे.

त्याच काळातली डेन्मार्कची मार्गारेट जास्त नावाजलेली आहे. तिने १३९७ मध्ये डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन ही तीन राज्यं एका गादीखाली आणली. मुलाच्या नावाने कारभार, मुलगा कोवळ्या वयात गेला, तरी बाई खचली नाही. कावळा नाक्यावरून जाताना ताराराणींचा पुतळा पाहिला की मला मार्गारेटची आठवण होते, कारण मुलाच्या नावाने राज्य राखण्याचं ओझं दोघींनी उचललं, आणि ताराराणींनी तर ते साक्षात औरंगजेबासमोर उचललं. पण मार्गारेटने जोडलेली राज्यं १५२३ मध्ये तुटली. ती सरदारांची आणि गाद्यांची जोडणी होती, शेतकऱ्याच्या घरात तिचं काही पोचलं नव्हतं. कर्तबगारीत मार्गारेट उजवी, वारशात यादविगा, असं माझं मत आहे.

आता इटलीतल्या फ्लॉरेन्सकडे वळतो. तिथेही कोल्हापूरचा धागा आहे. आपले छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या दौऱ्यावर गेले, लंडनला व्हिक्टोरिया राणीला भेटले, आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. प्रेत जाळण्याची चाल नसलेल्या शहरात त्यासाठी खास परवानगी काढावी लागली. पुढे तिथे त्यांच्या स्मारकाची छत्री उभी राहिली. तिचा आराखडा करणाऱ्या मेजर मँट यांनीच आपला नवा राजवाडाही आखला. छत्रीजवळच्या पुलाला तिथले लोक ‘इंडियानो’चा, म्हणजे हिंदुस्थानी माणसाचा, पूल म्हणतात. आपल्या राजाराम कॉलेजला नाव याच महाराजांचं आहे.

याच ३० नोव्हेंबरला, चौऱ्याऐंशी वर्षं आधी, म्हणजे १७८६ मध्ये, फ्लॉरेन्स ज्यात येतं त्या टस्कनी प्रांताच्या राज्यकर्त्याने फाशीची शिक्षा कायद्याने रद्द केली. त्याचं नाव पीटर लिओपोल्ड. पदवी ग्रँड ड्यूक, पुढे हंगेरी आणि बोहेमियाचा राजा आणि सम्राटही झाला. कैद्यांचा छळ करून कबुली घेणंही त्याने त्याच कायद्याने बंद केलं. आधुनिक युरोपात असं करणारं हे पहिलं राज्य. आजही टस्कनीत ३० नोव्हेंबर हा प्रांताचा सण म्हणून पाळतात. आपल्या महाराजांची पुण्यतिथी आणि हा सण एकाच दिवशी येतात, आणि कोल्हापुरात याची कुठे वाच्यता नाही याचं मला वाईट वाटतं.

आपण ज्या मारी आंत्वानेतवर अख्खं पान दिलं, तिचा हा सख्खा भाऊ. आणि थोरला भाऊ व्हिएन्नाहून राज्य करणारा सम्राट जोसेफ दुसरा. या दोन भावांची तुलना मला सगळ्यात जास्त शिकवून गेली, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर लिहितो.

जोसेफ मनाने मोठा राजा होता. १७६९ मध्ये मोरावियातून जाताना तो एका शेतात उतरला आणि त्याने स्वतः नांगर धरला. व्हिएन्नातली राजघराण्याची शिकारीची राखीव जागा आणि पुढे एक मोठी बाग त्याने सर्वांसाठी खुली केली. १७८१ मध्ये इतर पंथांच्या ख्रिस्ती लोकांना उपासनेची मोकळीक दिली, नंतर ज्यूंवरचे निर्बंधही सैल केले. त्याच वर्षी भूदासांना मोकळं केलं, म्हणजे जमीनदाराच्या परवानगीशिवाय लग्न करता येत नाही, गाव सोडता येत नाही, पोराला धंदा शिकवता येत नाही, ही स्थिती मोडली. १७८४ मध्ये व्हिएन्नाला मोठं सार्वजनिक रुग्णालय काढलं. एवढं सगळं करणारा राजा मरताना मात्र खचलेला होता. कारण त्याने दहा वर्षांत हजारो हुकूम काढले आणि ते लोकांच्या गळी उतरायची वाट पाहिली नाही. हंगेरीत कारभाराला जर्मन भाषा लादली, त्यांचा पवित्र मुकुट उचलून व्हिएन्नाला आणला. प्रेतं पेटीत न पुरता गोणपाटात शिवून पुरावीत असाही हुकूम काढला. लाकूड वाचावं हा हेतू असेल, पण ज्याची आई गेली आहे त्याला तो कसा पटावा? वर्ष पुरं व्हायच्या आत तो मागे घ्यावा लागला. जानेवारी १७९० मध्ये त्याने हंगेरीतले बहुतेक हुकूम स्वतःच रद्द केले आणि फेब्रुवारीत तो वारला. पण उपासनेची मोकळीक आणि भूदासांची मुक्ती, या दोन गोष्टींना त्याने मृत्युशय्येवरही हात लावू दिला नाही. माझ्या लेखी या दोन नकारांमुळे तो मोठ्या राजांत बसतो.

धाकट्याची चाल वेगळी. पीटर लिओपोल्ड अठराव्या वर्षी फ्लॉरेन्सला आला तेव्हा टस्कनीत दुष्काळ होता. त्याने धान्याच्या व्यापारावरची बंधनं हळूहळू काढली. गावांना स्वतःचा कारभार पाहू देण्याची योजना आधी थोड्या ठिकाणी राबवून पाहिली, मग पुढे नेली. फाशी रद्द करण्याआधी बरीच वर्षं त्याने ती प्रत्यक्षात थांबवलेली होती. शिक्षा सौम्य केल्याने गुन्हे वाढत नाहीत हे आधी अनुभवलं, मग कायदा लिहिला. राज्याचा जमाखर्च त्याने छापून लोकांसमोर ठेवला. फ्लॉरेन्सवर आधी राज्य करणाऱ्या मेदिची घराण्यातली शेवटची स्त्री आन्ना मारिया लुइसा हिने १७३७ मध्ये करार करून घराण्याची सगळी चित्रं-शिल्पं फ्लॉरेन्सबाहेर जाणार नाहीत अशी तजवीज केली होती. (तिच्यावर स्वतंत्र लेख व्हावा.) १७६९ मध्ये पीटर लिओपोल्डने ती ठेवलेल्या दालनांचे दरवाजे लोकांसाठी उघडले. त्याचंही सगळं टिकलं नाही. १७९० मध्ये तो व्हिएन्नाला गेला आणि दंगे झाले तशी त्या गुन्ह्यांपुरती फाशी परत आली. पण एकदा लोकांनी फाशीशिवाय राज्य चालताना पाहिलं होतं. शंभर वर्षांनी साऱ्या इटलीने फाशी रद्द केली तेव्हा टस्कनीचं उदाहरण समोर होतं.

शाहू महाराजांकडे पाहताना आपण २६ जुलै १९०२ चा हुकूम सांगतो, नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा मागासलेल्यांना. तो सांगायलाच हवा. पण त्याच्या आदल्या वर्षी, १९०१ मध्ये, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उघडलेलं होतं. पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत आणि अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या मुलांची वसतिगृहं निघाली. राखलेल्या जागांवर बसायला शिकलेला मुलगा लागतो आणि तो शिकायला शहरात राहायची सोय लागते, हे महाराजांनी ओळखलं होतं. जोसेफची तळमळ आणि धाकट्या भावाचा धीर, दोन्ही त्यांच्यात होते. राधानगरी धरण त्यांच्या हयातीत पुरं झालं नाही, स्वातंत्र्यानंतर झालं, आणि मी अख्खी नोकरी त्याच पाण्यावर केली. आज पावसाळ्यात राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की साऱ्या जिल्ह्याचं लक्ष पंचगंगेच्या पातळीकडे लागतं. महाराजांना जाऊन शंभर वर्षं उलटली तरी त्यांनी धरलेलं पाणी अजून पिकाला मिळतं आहे.

मात्र जे टिकलं ते चांगलं असंही म्हणता येत नाही. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याने ब्रुसेल्समध्ये १९०५ साली भव्य कमान उभी केली, बागा केल्या, इमारती बांधल्या. लोक आजही तिथे फिरतात, फोटो काढतात. पण त्याचा पैसा काँगोमधून आला होता. १८८५ पासून १९०८ पर्यंत आफ्रिकेतला तो अवाढव्य प्रदेश त्याची खासगी मालमत्ता होता, आणि तो स्वतः तिथे एकदाही गेला नाही. रबराचा ठरलेला वाटा आणला नाही की गावं जाळली जात, बायकांना ओलीस धरत, माणसांचे, मुलांचेसुद्धा हात तोडत. त्या छायाचित्रांतल्या मुलांच्या मनगटांकडे पाहून मी पुस्तक मिटलं होतं. २०२० मध्ये बेल्जियममध्ये त्याचे काही पुतळे हटवले गेले. म्हणून वारसा मोजताना काय टिकलं याच्याबरोबर ते कुणाच्या जिवावर उभं राहिलं हेही विचारलं पाहिजे. यादविगाने स्वतःचे दागिने दिले. याने दुसऱ्यांचे हात तोडून आणलेला पैसा दिला. आपल्या पानावर हा राजाही यावा, आणि त्याचं काँगोसकट यावं.

पोर्तुगाल हा गोव्यामुळे आपला जुना शेजारी, पण तिथल्या पाचव्या पेद्रोचं नाव मी साठीनंतर वाचलं. १८५७ मध्ये लिस्बनमध्ये पिवळ्या तापाची साथ आली. पाच हजारांहून जास्त माणसं गेली. ज्यांना शक्य होतं ते शहर सोडून पळाले. वीस वर्षांचा हा राजा पळाला नाही. तो इस्पितळांत जाऊन रोग्यांच्या खाटांशी बसत होता. दोन वर्षांनी त्याची तरुण राणी एश्तेफानिया घटसर्पाने गेली. तिच्या इच्छेनुसार त्याने लहान मुलांसाठी रुग्णालय उभारायला घेतलं. ते त्याला पाहता आलं नाही, कारण १८६१ मध्ये चोविसाव्या वर्षी तो स्वतः तापाने वारला. रुग्णालय १८७७ मध्ये सुरू झालं आणि राणीच्या नावाने अजूनही मुलांवर उपचार करतं आहे. प्लेगच्या आणि दुष्काळाच्या वर्षांत तरुण शाहू महाराजांनी जे सोसलं आणि सावरलं ते ज्यांनी वाचलं आहे, त्यांना पेद्रो परका वाटणार नाही.

त्याच देशाचा जुना राजा दिनिश. तेराव्या-चौदाव्या शतकातला, लोक त्याला शेतकरी राजा म्हणत. समुद्रावरून उडणारी वाळू शेतात येऊ नये म्हणून लैरियाजवळ पाइनच्या झाडांचं रान त्याने वाढवलं. ते सातशे वर्षं टिकलं आणि ऑक्टोबर २०१७ च्या वणव्यात त्याचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग जळाला. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपलं केशवराव भोसले नाट्यगृह जळताना ज्यांनी पाहिलं, त्यांना लैरियाच्या लोकांचं दुःख वेगळं समजावून सांगायला नको. तिथे पुन्हा झाडं लावली जात आहेत. ते काम कसं चाललं आहे, माणसं किती वर्षांचा हिशेब धरून रोपं लावतात, हे आपल्या वार्ताहराने मिळवून छापलं तर नाट्यगृहाच्या उभारणीकडे डोळे लावून बसलेल्या कोल्हापूरकरांना त्याचा उपयोग होईल.

तेव्हा विनंती अशी. पुढचं पान यादविगाला द्या, आणि त्यासोबत वळिवडे छावणीचा एखादा जुना फोटो छापा. दुसरं, येत्या ३० नोव्हेंबरच्या आधीच्या रविवारी राजाराम महाराजांची फ्लॉरेन्समधली छत्री आणि पीटर लिओपोल्डचा कायदा यांवर एकत्र लेख घ्या. राजाराम कॉलेजच्या इतिहास विभागातून तो लिहून घेता आला तर उत्तमच. माझी टिपणं वहीत आहेत. हवी असतील तर झेरॉक्स काढून कचेरीत आणून देईन.

कळावे,
आपला जुना वाचक,
निवृत्त कालवा निरीक्षक,
वळिवडे, ता. करवीर, जि. कोल्हापूर